सभासद नोंदणी ऑनलाइन आणि स्वयंचलित करायची असेल तर: फ्रीलान्स वेब डिझायनरला काम देण्याची पद्धत

रावेर तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद नोंदणी काही वर्षांपूर्वीपर्यंत रजिस्टरवर होत असे. केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, लागवड जवळ आली की टिश्यू कल्चर रोपांची मागणी नोंदवण्यासाठी शेतकरी कार्यालयात येत आणि त्याच गर्दीत नवे सभासद अर्जही भरत. दोन मुले दिवसभर तेच नाव, तेच गाव, तोच गट क्रमांक आधी वहीत आणि मग संगणकात उतरवत बसत. हे काम संकेतस्थळावर आपोआप व्हावे म्हणून आम्ही एका फ्रीलान्स वेब डिझायनरला नेमले. संकेतस्थळ दिसायला उत्तम झाले, परंतु वर्षभराने त्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेले होते, नूतनीकरणाची सूचना त्यालाच गेली आणि ऐन कापणीच्या दिवसांत आमचे संकेतस्थळ बंद पडले. त्यानंतर सारे काम आम्ही पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या व्यक्तीकडून आणि रीतसर करून घेतले.

हा लेख उत्पादक कंपन्या, वाचनालये, अभ्यासिका, क्रीडा मंडळे यांच्या नव्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. पतसंस्था आणि बँकांना केवायसीचे वेगळे नियम लागू होतात, त्यामुळे त्यांनी याच्या पलीकडे आपल्या लेखापरीक्षकाचा सल्ला घ्यावा.

१. कोणती नोंदणी स्वयंचलित करायची, हे आधी ठरवा

आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर शेतकऱ्याने अर्ज भरावा, ओटीपीने त्याचा मोबाइल क्रमांक तपासला जावा, त्याचे खाते उघडावे आणि त्याला पोच मिळावी, एवढे काम यंत्राकडे सोपवता येते आणि सोपवावेही. सभासदत्व मंजूर करणे मात्र संचालक मंडळाच्याच हाती राहिले पाहिजे, कारण उत्पादक कंपनीचा सभासद स्वतः उत्पादक असावा लागतो आणि हे तपासायला सातबारा पाहणारा माणूस लागतो. म्हणून डिझायनरशी पहिल्याच भेटीत ‘खाते उघडणे’ आणि ‘सभासद होणे’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे सांगा. आम्ही पहिल्या वेळी हे सांगितले नाही, आणि अर्ज पाठवताक्षणी प्रत्येकाला ‘आपण सभासद झाला आहात’ असा संदेश जाऊ लागला. त्यात दोन व्यापारीही होते.

दुसऱ्याच्या संकेतस्थळावर, विशेषतः सरकारी योजनांच्या पोर्टलवर, यंत्राच्या साहाय्याने घाऊक खाती उघडून देणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. ‘पाचशे शेतकऱ्यांची यादी द्या, रातोरात सगळ्यांची खाती उघडून देतो’ असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. आमच्या शेजारच्या एका गावात एकाने असे काम केले आणि सगळ्या खात्यांना स्वतःच्या ताब्यातील मोजके मोबाइल क्रमांक जोडले. पुढे शेतकरी आपले खाते उघडायला गेले तेव्हा ओटीपी त्या माणसाकडे जात होता, आणि तो फोन उचलत नव्हता. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची अन्य विशिष्ट खूण फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचे खाते त्याच्याच हातात राहिले नाही तर त्या खात्याचा त्याला उपयोग काय? असे काम कोणालाही देऊ नका आणि असे काम करतो म्हणून सांगणाऱ्याला आपल्या संकेतस्थळाचे कामही देऊ नका.

२. नोंदणीचा संपूर्ण प्रवास स्वतः कागदावर लिहा

या पायरीसाठी आठवडा लागला तरी चालेल. डिझायनरला संकेतस्थळ बांधता येते, परंतु तुमच्या गावातील माणसे त्याला ठाऊक नसतात. आमच्या यादीत सुनील पाटील या नावाचे सात सभासद निघाले. त्यांपैकी दोघांच्या वडिलांचे नावही एकच होते आणि दोघे एकाच गावचे. पहिल्या संकेतस्थळाने दुसऱ्या सुनील पाटलांना ‘आपली नोंदणी आधीच झाली आहे’ असे सांगून परत पाठवले. ते कार्यालयात आले आणि आपले शेअर कोणी तरी परस्पर घेतले, असे समजून बराच वेळ बसून राहिले.

नावावरून माणूस ओळखता येत नसेल तर गट क्रमांकावरून ओळखावा, असे डिझायनर सुचवतो. तेही पुरेसे नाही, कारण एकाच गटात तीन भावांची नावे असू शकतात आणि एकाच शेतकऱ्याचे दोन-तीन गट असू शकतात. आम्ही शेवटी गाव आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा एकत्रित उतारा) वरील खाते क्रमांक यांच्या जोडीला पूर्ण नाव घेतले. हे तिन्ही जुळले तर यंत्राने अर्ज नाकारू नये, बाजूला काढून कारकुनाला दाखवावा, असा नियम केला. शंका आली की यंत्राने थांबावे आणि माणसाने पाहावे, हे वाक्य तुमच्या कागदावर अवश्य असू द्या.

दुसरी अडचण मोबाइलची. सावद्याकडच्या एका बाबांनी अर्जात मुलाचा क्रमांक दिला होता. मुलगा चाकणला कारखान्यात. बाबा आमच्या टेबलापुढे उभे, ओटीपी चाकणला, आणि मुलगा पाळीवर असल्यामुळे त्याचा फोन लॉकरमध्ये. दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपली. असे एकदा नाही, त्या आठवड्यात कितीतरी वेळा झाले. ‘एक मोबाइल, एक खाते’ हा नियम डिझायनर सहजपणे घालतो, कारण शहरात तो चालून जातो. आपल्याकडे एका घरात एकच चालू क्रमांक असतो आणि त्यावर आई, वडील आणि काका असे तिघे अवलंबून असतात. म्हणून एका क्रमांकावर किती खाती चालतील, हा आकडा तुम्ही ठरवा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी कार्यालयातील कर्मचाऱ्याने, लेखी संमती घेऊन, त्यांच्यादेखत अर्ज भरण्याची वेगळी वाट ठेवा. त्या नोंदीपुढे कर्मचाऱ्याचे नाव आणि वेळ आपोआप उमटली पाहिजे.

महिला सभासदांच्या बाबतीत सातबाऱ्यावर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे नाव असा फरक नेहमी आढळतो. अर्जात दोन्हींसाठी जागा ठेवा. गावाचे नाव टंकित करण्याची मुभा न देता यादीतून निवडायला लावा, अन्यथा एकाच गावाची पाच स्पेलिंगे तुमच्या यादीत येतील.

जुनी यादी संगणकात असेल तर ती कोणत्या फाँटमध्ये आहे तेही पाहून ठेवा. अनेक संस्थांच्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये टंकित केलेल्या असतात. त्या संकेतस्थळावर चढवल्या की मराठी नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. त्यांचे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणक-फोनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतर करावे लागते, रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावे लागते. हे काम कोण करणार, ते कोटेशन मागण्याआधी ठरले पाहिजे.

३. जमवायची कागदपत्रे आणि साधने

डिझायनरला बोलावण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये तयार ठेवा.

• संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचे पॅन, असल्यास जीएसटी क्रमांक
• काम देण्याविषयी संचालक मंडळाचा ठराव, आणि करारावर सही कोण करणार याचे अधिकारपत्र, लेटरहेडवर
• अधिकृत व्यक्तीचे ओळखपत्र
• संस्थेच्या नावाने नव्याने उघडलेला ईमेल पत्ता, जो कोणत्याही एका पदाधिकाऱ्याचा खाजगी पत्ता नसेल
• संस्थेच्या नावावरील, कार्यालयातच राहणारा एक मोबाइल क्रमांक
• सध्याचा छापील सभासद अर्ज आणि वर लिहिलेला नोंदणीचा प्रवास
• पंधरा-वीस काल्पनिक सभासदांची नमुना यादी

शेवटच्या मुद्द्याविषयी एक सूचना. खरी यादी काम सुरू असताना डिझायनरला देऊ नका आणि ती व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. चाचणीला काल्पनिक नावे पुरतात. त्यात सात सुनील पाटील मात्र हवेतच.

४. माणूस शोधताना: डिझायनर आणि डेव्हलपर हा फरक ओळखा

आपण सरसकट ‘वेबसाइट बनवणारा’ असा शब्द वापरतो, परंतु त्यात दोन कामे आहेत. पाने कशी दिसतील, रंग, अक्षरे, छायाचित्रे आणि अर्जाची मांडणी हे डिझायनरचे काम. अर्जातील माहिती कोठे साठेल, ओटीपी कसा जाईल, चुकीचा ओटीपी आला तर काय होईल, पासवर्ड कसा सुरक्षित राहील, हे डेव्हलपरचे काम. काही जण दोन्ही उत्तम करतात, काही जण फक्त पहिले करतात आणि दुसऱ्यासाठी तयार प्लगइन (संकेतस्थळाला जोडायचा आयता प्रोग्राम) जोडून देतात. प्लगइन वाईट नसते, पण ते वेळोवेळी अद्ययावत करावे लागते आणि ते कोण करणार, हा प्रश्न उरतो. म्हणून थेट विचारा: नोंदणीचा भाग तुम्ही स्वतः करणार की दुसऱ्याकडून करून घेणार? दुसऱ्याकडून करून घेणार असतील तर त्या व्यक्तीशीही बोला.

जळगाव, भुसावळ, धुळे येथे अभियांत्रिकी शिकून घरूनच काम करणारी मुले-मुली आज पुष्कळ आहेत. ओळखीतून नाव मिळाले तर चांगले, परंतु ओळख ही परीक्षा होऊ शकत नाही. त्यांनी पूर्वी केलेल्या दोन-तीन संकेतस्थळांचे पत्ते घ्या आणि साध्या, जुन्या फोनवरून तेथे स्वतः खाते उघडून पाहा. मग ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबा. नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक किंवा ओटीपी आला तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड तुम्हाला जसाच्या तसा ईमेलने परत आला तर त्या माणसाला काम देऊ नका, कारण त्याने पासवर्ड वाचता येतील अशा रूपात साठवलेले आहेत. चांगल्या पद्धतीत पासवर्ड उलट वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपातच साठवतात, आणि तो खुद्द संकेतस्थळाच्या मालकालाही दिसत नाही. या एका परीक्षेत आमच्याकडे आलेल्या चार जणांपैकी एक जण गळाला.

५. कोटेशन आणि हप्ते

तिघांकडून तरी कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला तोच कागद द्या, नाहीतर तुलना करता येत नाही. कोटेशनमध्ये एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च वेगळा लिहून मागा. डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा), एसएमएस आणि देखभाल हे चार खर्च कायम चालू राहतात, आणि सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा हेच चार लिहायचे राहिलेले असतात.

संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. आम्ही दुसऱ्या वेळी २० टक्के सुरुवातीला, ३० टक्के काल्पनिक नावांवर नोंदणी चालू झाल्यावर, ३० टक्के गावातील चाचणीनंतर आणि उरलेले २० टक्के सर्व ताबा मिळाल्यावर महिन्याने दिले. काम करणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी द्या. ‘अध्यक्ष बाहेरगावी आहेत, सही राहिली’ असे सांगत महिनाभर पैसे अडवणाऱ्या संस्थांमुळेच चांगली मुले स्थानिक कामे घेईनाशी झाली आहेत, आणि ही तक्रार मला त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकायला मिळाली आहे.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळे जीएसटी नसलेले बिल पाहून संशय घेण्याचे कारण नाही. बिल मात्र हवेच. रक्कम मर्यादेपलीकडे गेली तर कंपनीला टीडीएस (बिलातूनच कापायचा प्राप्तिकर) कापावा लागतो आणि समोरच्याने पॅन दिले नाही तर तो जास्त दराने कापावा लागतो. हे पहिल्याच बैठकीत सांगा, म्हणजे शेवटच्या हप्त्याला वाद होणार नाही.

६. लेखी करार, आणि त्यातील एक ओळ जी बहुतेक जण विसरतात

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारासाठी १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. एवढ्या खर्चासाठी तोंडी व्यवहार करू नका.

ज्याने पैसे दिले त्याचेच संकेतस्थळ, असे आपण गृहीत धरतो. कायद्यात तसे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो, परंतु स्वतंत्रपणे काम करणारी व्यक्ती तुमची नोकर नसते, आणि संगणकाचा प्रोग्राम हेही कायद्याने लेखनकृती मानले जाते. म्हणजे वेगळे लिहून घेतले नाही तर सोर्स कोडचा (संकेतस्थळाच्या मूळ प्रोग्रामचा) हक्क त्या डिझायनरकडेच राहतो. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यातही मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. ही तरतूद कलम १९ मध्ये आहे. म्हणून करारात ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि सर्व प्रदेशांसाठी’ असे शब्द वकिलाकडून घालून घ्या.

याशिवाय काय काय करून मिळणार, किती वेळा बदल विनामूल्य, देखभाल किती महिने, सभासदांची माहिती गुप्त ठेवण्याची हमी, काम संपल्यावर आपल्याकडील प्रत नष्ट करण्याची अट आणि मध्येच काम सोडल्यास तोपर्यंतचा सोर्स कोड देण्याची अट, या गोष्टी लिहा. डिझायनरने स्वतःच्या पूर्वीच्या कामातील काही भाग वापरला असेल तर तो कोणता, हेही त्याने लिहून द्यावे. तो भाग त्याचाच राहील आणि तुम्हाला वापरण्याची कायम परवानगी असेल, अशी तडजोड दोघांनाही न्याय्य ठरते.

७. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्याच नावावर

डोमेन तुम्ही स्वतः, संस्थेच्या ईमेलवरून आणि संस्थेच्या बँक खात्यातून पैसे भरून विकत घ्या. डिझायनर शेजारी बसून मदत करील, पण नाव, ईमेल आणि मोबाइल तुमचेच. होस्टिंगचेही तसेच. डिझायनरला मुख्य पासवर्ड न देता, शक्य तेथे त्याच्यासाठी वेगळे उपखाते काढून द्या, म्हणजे काम संपल्यावर ते बंद करता येते.

नूतनीकरणाची तारीख कार्यालयातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. संकेतस्थळाच्या सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, ज्यामुळे पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसते, तेही मुदतीचे असते. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे विनामूल्य प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि ते आपोआप नवे होण्याची सोय करून घ्यावी लागते. ती नसेल तर एके दिवशी सभासदाच्या फोनवर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, आणि आधीच बिचकत अर्ज भरणारा माणूस फोन खाली ठेवून देतो.

८. ओटीपीसाठी डीएलटी नोंदणी: हे काम पहिल्याच दिवशी सुरू करा

आमचे संकेतस्थळ तयार झाले आणि ओटीपीच जाईना, म्हणून तीन आठवडे ते तसेच पडून राहिले. कारण आम्हाला कोणी सांगितले नव्हते की भारतात कोणत्याही संस्थेला असे एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार डीएलटी या, संस्थांच्या एसएमएसची नोंद ठेवणाऱ्या, व्यवस्थेत नोंदणी करावी लागते. जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल यांपैकी एखाद्या कंपनीच्या पोर्टलवर ती होते. आधी संस्थेची नोंदणी, मग संदेश कोणाकडून आला हे दाखवणारे सहा अक्षरांचे हेडर, आणि त्यानंतर संदेशाचा मसुदा, अशा तीन मंजुऱ्या घ्याव्या लागतात. ही नोंदणी डिझायनरच्या किंवा एसएमएस विकणाऱ्याच्या नावावर होऊ देऊ नका. संस्था तुमची, हेडरही तुमचेच.

मंजूर मसुदा आणि प्रत्यक्ष संदेश अक्षरशः सारखे असावे लागतात. बदलणारा भाग, म्हणजे ओटीपीचे आकडे, त्यासाठी मसुद्यात ठरावीक खूण असते. बाकी एखादा पूर्णविराम जास्त झाला तरी संदेश अडतो, आणि संकेतस्थळावर मात्र ‘ओटीपी पाठवला आहे’ असेच दिसत राहते.

मराठी संदेशाविषयी आणखी एक गोष्ट पैशाशी जोडलेली आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरीत युनिकोडमुळे फक्त ७० बसतात, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. ‘नोंदणी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, तो सहा जागा घेतो. ७० च्या पुढे गेलात की एका संदेशाचे दोन संदेश होतात आणि पैसेही दुप्पट लागतात. आमचा पहिला मसुदा ‘आपल्या कंपनीच्या सभासद नोंदणीसाठी...’ असा आदराने सुरू होऊन तिसऱ्या संदेशापर्यंत पोचत होता. शेवटी ‘तुमचा नोंदणी ओटीपी १२३४५६ आहे. कोणालाही सांगू नका.’ एवढेच ठेवले. हे ५० जागांत बसते आणि खाली कंपनीच्या छोट्या नावाला जागा उरते. मराठीच ठेवा. ‘कोणालाही सांगू नका’ ही सूचना माणसाला आपल्या भाषेतच पटते.

आता धोक्याची बाब. एका रविवारी सकाळी आमची एसएमएसची संपूर्ण शिल्लक शून्यावर आलेली दिसली. कोणी तरी यंत्राद्वारे रात्रभर आमच्या अर्जात अनोळखी क्रमांक टाकून ‘ओटीपी पाठवा’ हे बटण दाबत होते. शेतकरी एकही नव्हता, संदेश मात्र हजारोंनी गेले होते. तुम्ही पुढील मर्यादा करारातच लिहून घ्या: एका क्रमांकावर तासाला ठरावीक ओटीपी, दुसरा ओटीपी मिनिटभरानंतरच, एकाच जोडणीवरून येणाऱ्या मागण्यांवर बंधन, चुकीचा ओटीपी काही वेळा टाकल्यावर तात्पुरती बंदी, आणि शिल्लक एका पातळीखाली गेली की कार्यालयाला सूचना. कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे तपासणारी चाचणी) लावायचा असेल तर तो वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांचा नको. आमच्या निम्म्या सभासदांना तो वाचता आला नाही. पार्श्वभूमीला राहून यंत्र ओळखणारे कॅप्चाही मिळतात.

९. सभासदांची माहिती: जबाबदारी संस्थेचीच

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यानुसार माहिती कशासाठी गोळा करायची हे ठरवणारी संस्था त्या माहितीस जबाबदार असते, आणि काम करणाऱ्याशी कोणताही करार केला तरी ती जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. कोणती माहिती कशासाठी घेत आहोत याची सूचना सोप्या भाषेत द्यावी लागते, ती आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करावी लागते, आणि मराठी त्यात आहेच. म्हणून अर्जाच्या सुरुवातीला मराठीत चार ओळी लिहा आणि संमतीची चौकट आधीच टिक केलेली ठेवू नका.

जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. आधारची संपूर्ण प्रत मागण्याची आपल्याला सवय लागली आहे, परंतु सभासदाचा अर्ज भरताना ती बहुतेक वेळा लागत नाही. ओळखीसाठी लागलीच तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार घ्या. बँकेचा तपशीलही नोंदणीच्या वेळी नको, पैसे देण्याची वेळ येईल तेव्हा घ्या. आमच्या पहिल्या संकेतस्थळावर सातबाऱ्यांच्या प्रती अशा ठिकाणी साठवल्या होत्या की पत्त्यातील शेवटचा आकडा बदलला की पुढच्या शेतकऱ्याचा सातबारा उघडत असे. हे आमच्या एका सभासदाच्या शाळकरी मुलीच्या लक्षात आले, तोवर आम्हाला पत्ताही नव्हता. तुम्ही ही तपासणी स्वतः करा: एका खात्याने लॉगिन करा, कागद उघडा, पत्त्यातील आकडा बदलून पाहा.

१०. चाचणी कार्यालयात नको, गावात करा

कार्यालयातील वायफायवर सगळेच चालते. आम्ही दुसऱ्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याला, पालच्या बाजूला गेलो, जेथे फोनला रेंज येते आणि जाते. सोबत डिझायनर होती. एका तडवी शेतकऱ्याने झाडाखाली बसून अर्ज भरायला घेतला, फोटो चढवताना रेंज गेली आणि भरलेले सगळे पुसले गेले. ते काही बोलले नाहीत, फोन तिच्या हातात देऊन उठले. त्या मुलीने त्याच संध्याकाळी अर्जाचे तीन तुकडे केले, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे साठेल अशी सोय केली आणि फोटो चढण्याआधीच फोनवर लहान होईल असे केले. कार्यालयात बसून हे तिला दहा सूचना देऊनही उमगले नसते, आणि मलाही नाही.

चाचणीत किमान एक वयस्कर माणूस, एक फक्त मराठी कीबोर्ड वापरणारा, एक फुटक्या स्क्रीनचा फोन आणि एक मुद्दाम चुका करणारा असू द्या. ते अडतात तेथे मदत करू नका, कोठे अडले तेवढे लिहून घ्या.

११. ताबा घेताना

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डिझायनरसमोर बसून पुढील गोष्टी एकेक करून ताब्यात घ्या: सोर्स कोड, माहितीसाठ्याची संपूर्ण प्रत, होस्टिंग, एसएमएस आणि डीएलटी यांची लॉगिने, आणि संकेतस्थळ दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभे कसे करायचे याची मराठीत लिहिलेली दोन पाने. त्यानंतर सर्व पासवर्ड बदला आणि डिझायनरचे उपखाते बंद करा. यात अविश्वास नाही. पुढे काही गडबड झाली तर संशय त्या व्यक्तीवर जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू आहे, आणि तो त्या व्यक्तीला तसा सांगा.

बॅकअप दररोज आपोआप व्हावा आणि तो होस्टिंगच्या बाहेर दुसऱ्या ठिकाणी साठावा. महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडून पाहा, कारण न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. आमच्याकडे हे काम दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होते. कारकून पाच नावे यादीतून काढतो, बॅकअपमध्ये ती शोधतो आणि वहीत तारीख टाकून सही करतो. त्या पाचांत एक सुनील पाटील असलाच पाहिजे, असा आम्ही नियम केला आहे.